डिप्लोमानंतरची चार वर्षं धरलीच गेली नाहीत: जळगाव जिल्ह्यातला एक इंजिनियर व्हॅल्युअर कसा झाला

पार्श्वभूमी

मी जळगावात बरीच वर्षं प्रॉपर्टी व्हॅल्युएशन म्हणजे घर-जमिनीची किंमत काढून द्यायचं काम करतोय. हे प्रकरण माझ्या डोळ्यासमोर घडलं आणि सुरुवातीला थोडं माझ्यामुळेच बिघडलं, म्हणून सगळं नीट मांडून ठेवतोय. पोराचं नाव आणि गाव बदललंय, त्याला दीपक म्हणू. तापीकाठच्या गावातला, घरी साडेतीन एकर केळी, वडील आणि मोठा भाऊ शेती बघतात.

दीपकने २०११ ला पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लगेच एका ठेकेदाराकडे साईटवर लागला. चार वर्षं स्लॅब, सेंटरिंग, बिलिंग, लेबर सगळं बघितलं. मग २०१५ ला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन घेतली आणि २०१८ ला बीई झाला. त्याच वर्षी आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं त्यामुळे त्याच्या मार्कशीटवर जुनं नाव आणि डिग्री सर्टिफिकेटवर नवं, हे पुढे एकदा समजावून सांगावं लागलं पण ती अडचण फार मोठी नव्हती.

डिग्रीनंतर परत साईट. एका घराच्या कर्जासाठी मी पाहणीला गेलो होतो तिथे तो इंजिनियर म्हणून उभा होता. मी टेप लावत होतो आणि त्याने न सांगता दुसरं टोक धरलं, भिंतीची जाडी धरून बाहेरून माप घेतलं, बाल्कनी वेगळी लिहिली, जिन्याखालची जागा वेगळी. म्हटलं या पोऱ्याला माप कळतं. जाता जाता त्याने विचारलं, "आबा, हे काम करायला काय लागतं?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे व्हॅल्युअर म्हणून नोंदणीचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोकं त्यांची कायम गल्लत करतात. एक जुना, संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खालचा, इन्कम टॅक्स खात्याकडून मिळणारा. संपत्ती कर बंद झाला पण ही नोंदणी चालूच राहिली कारण कॅपिटल गेनसाठी, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरच्या करासाठी, ती लागते. माझी नोंदणी ह्या रस्त्याची. दुसरा नवा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखालचा, त्याची नोंदणी आयबीबीआय म्हणजे दिवाळखोरी मंडळ करतं. नव्या रस्त्यात मालमत्तेचे तीन वर्ग आहेत, जमीन व इमारत, प्लांट व मशिनरी, आणि शेअर्ससारखी आर्थिक मालमत्ता. सिव्हिलवाल्याचा संबंध पहिल्याशी.

नव्या रस्त्याचा क्रम असा: पात्रता आणि अनुभव, मग एखाद्या मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं म्हणजे आरव्हीओचं सदस्यत्व, तिचा ५० तासांचा कोर्स, मग परीक्षा, मग संघटनेच्या शिफारशीने आयबीबीआयकडे अर्ज. ऐकायला सरळ आहे.

अडचण

२०२० मध्ये लॉकडाऊन उठल्यावर साईट बंद पडलेल्या, पगार अर्धा, तेव्हा दीपकने मनावर घेतलं. माझ्याकडे आला आणि म्हणाला डिप्लोमानंतरची चार आणि डिग्रीनंतरची दोन, सहा वर्षं झालीत, पाच लागतात ना? मी म्हटलं हो, भरून टाक. इथे चूक माझी होती. मी जुन्या रस्त्याने आलेला माणूस, नवा नियम मी ऐकून होतो, ओळ न ओळ वाचलेला नव्हता.

नियमात काय आहे, तर सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाऊन प्लॅनिंगची पदवी आणि पदवी मिळाल्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव. "नंतरचा" हा शब्द तिथे आहे आणि सगळा खेळ त्या एका शब्दाचा आहे. डिप्लोमानंतर उन्हात काढलेली चार वर्षं त्या मोजणीत येतच नाहीत. म्हणजे त्याची खरी बेरीज दोन वर्षं होती.

सदस्यत्वाच्या छाननीतच कागद परत आला. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळी तो माझ्या ऑफिसात येऊन बसला, बराच वेळ काही बोलला नाही, मग घरी बोलतो तसं अहिराणीत म्हणाला, "आबा, आते काय करू?"

आणखी एक अडचण तेव्हाच वर आली. डिग्रीनंतरची जी दोन वर्षं होती त्यांचाही पुरावा धड नव्हता. ठेकेदार पगार रोख द्यायचा, अपॉइंटमेंट लेटर नाही, पगाराची पावती नाही, बँकेत एंट्री नाही. आपल्याकडे निम्मी साईट अशीच चालते हे सगळ्यांना माहिती आहे, पण ज्या दिवशी अनुभव कागदावर दाखवायची वेळ येते त्या दिवशी हातात काहीच नसतं.

काय काय पर्याय होते

तीन-चार दिवस आम्ही रोज बोललो. समोर आलेले पर्याय असे होते.

पहिला, जुन्या ठेकेदाराने स्वतःहून सांगितला. तो म्हणाला मी लेटर देतो, २०१८ च्या आधीचं कामच दाखवत नाही, तुझी पुढची वर्षं दुसऱ्या फर्मच्या नावाने वाढवून देतो. ओळखीतला माणूस, वाईट हेतू नव्हता. पण दोन वर्षांची पाच कशी होणार, तारखा खोट्याच लिहाव्या लागल्या असत्या. अर्जात स्वतःच्या सहीने जाहीर करायचं असतं की दिलेली माहिती खरी आहे. ज्या माणसाच्या सहीवर पुढे लोकं कर्ज देणार त्याची पहिलीच सही खोट्या कागदावर, हे मला मान्य नव्हतं आणि दीपकलाही नव्हतं. हा पर्याय दहा मिनिटांत संपला.

दुसरा, पुढे शिकायचं. पदव्युत्तर पदवी असेल तर अनुभव पाचऐवजी तीन वर्षांचा लागतो. आपल्याला जवळ म्हणजे गुजरातमध्ये वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल विद्यापीठात व्हॅल्युएशनचाच मास्टर्स कोर्स आहे, खान्देशातून तिकडे जाणं पुण्यापेक्षा फार लांब वाटत नाही. पण हिशोब केला. २०२० ला घेतली तर दोन वर्षं कोर्स आणि पुढे तीन वर्षं अनुभव, म्हणजे २०२५ उजाडणार. नुसतं थांबला तरी २०२३ ला पाच वर्षं पूर्ण होतात. शिक्षण चांगलंच आहे, डिग्री करून लगेच जो पोरगा विचारेल त्याला मी आजही तिकडे जा म्हणेन, पण दीपकचं लग्न झालेलं, लहान मुलगी, त्याला ते परवडणारं नव्हतं.

तिसरा, नोकरी सोडून पूर्णवेळ माझ्याकडे असिस्टंट म्हणून यायचं. मी १२ हजार देऊ शकत होतो, साईटवर त्याला लॉकडाऊनच्या आधी २२ मिळायचे.

चौथा तिसऱ्यातूनच निघाला. आम्ही नियम परत वाचला, ह्या वेळी दोघांनी मिळून, तेव्हा लक्षात आलं की अनुभव संबंधित शाखेतला मागितलाय, म्हणजे सिव्हिलचा. तो व्हॅल्युएशनमधलाच हवा असं नाही. म्हणजे साईटची नोकरी चालू ठेवली तरी वर्षं मोजली जातात. फक्त ती कागदावर दिसायला हवीत.

काय केलं

दीपकने ठेकेदार सोडला आणि अशी फर्म शोधली जी अपॉइंटमेंट लेटर देते आणि पगार बँकेत टाकते. पगार १८ हजार, आधीपेक्षा चार हजार कमी. घरात त्यावरून कुरबूर झाली, वडील म्हणाले जास्त पगार सोडून कमी पगारावर कोण जातं. मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. मागच्या दोन वर्षांसाठी त्याने त्या काळातल्या मालकांकडून अनुभवपत्रं घेतली, साईटवर त्याच्या सहीने झालेली मेजरमेंट बुकची पानं, बिलांच्या कॉपी, नगरपालिकेकडे त्याच्या नावाने गेलेली पत्रं, असं सगळं जुळवलं. दोन महिने गेले त्यात.

आणि रविवारी माझ्यासोबत. तीन वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवार. इथे जे शिकणं झालं ते कोणत्या कोर्समध्ये होत नाही म्हणून दोन उदाहरणं सविस्तर देतो.

पहिलं प्लॉटचं. तालुक्याच्या गावाला एन.ए. म्हणजे बिगरशेती लेआऊटमध्ये २,००० चौरस फुटाचा प्लॉट. मी त्याला म्हटलं भाव तू काढ. त्याने इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांच्या उताऱ्यावरून त्या भागातले तीन व्यवहार शोधले, फुटाला १,४५०, ९०० आणि २,६००. सरासरी केली, १,६५०. म्हटलं चल, तिन्ही प्लॉट बघून येऊ. भर मे महिना, डोक्याला रुमाल बांधून फिरलो. ९०० वाला व्यवहार दोन चुलतभावांमधला निघाला, खरेदीखत केलेलं पण आतून वाटणीचा हिशोब. शेजारच्या किराणा दुकानदाराने ते न विचारता सांगितलं. २,६०० वाला प्लॉट हायवेच्या तोंडावर, कॉर्नरचा, खाली दुकानं निघू शकतील असा. दोन्ही आपल्या प्लॉटसारखे नाहीत. मग त्याच लेआऊटमधले अजून दोन व्यवहार शोधले, १,४०० आणि १,५००. म्हणजे खरा भाव १,४५० च्या आसपास. फुटाला २०० चा फरक म्हणजे २,००० फुटाला ४ लाखांचा फरक, आणि तो नुसता खुर्चीत बसून सरासरी केल्यामुळे पडला होता. त्या दिवसानंतर दीपकने व्यवहार कोणामध्ये झालाय हे विचारल्याशिवाय एकही आकडा धरला नाही. रेडी रेकनरचंही तसंच, तो स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला दर आहे, तो बघायचाच असतो पण तो म्हणजे बाजारभाव नाही, कुठे बाजार त्याच्या वर असतो कुठे खाली.

दुसरं उदाहरण धाब्याच्या घराचं. चोपड्याकडच्या एका गावात गावठाणातलं जुनं घर, भिंती मातीच्या, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून दाबलेलं. सातबारा नाही, गावठाणात तो नसतोच, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा होता फक्त. दीपकने जमिनीची किंमत लावली आणि इमारतीसमोर शून्य लिहिलं, कारण म्हणाला ऐंशी वर्षं जुनं आहे, मातीचं आयुष्य संपलं. मी त्याला परत आत घेऊन गेलो आणि बॅटरी वर मारायला सांगितली. वर कडीपाट म्हणजे तुळया-फळ्यांचं लाकडी छत होतं, अखंड सागाचं. खांब सागाचे, एकेका खांबाला हाताची मिठी पुरत नव्हती. वाळवी कुठे नाही, फक्त एका कोपऱ्यात गळून काळं पडलेलं. म्हातारी घरमालकीण म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी सातपुड्यातून आणलं होतं हे लाकूड." आम्ही एकेक खांब, तुळई मोजली, घनफूट काढलं, जुन्या लाकडाचे व्यापारी काय भावाने घेतात ते दोन ठिकाणी विचारलं, उतरवण्याची मजुरी वजा केली. घर म्हणून किंमत नसेल पण मालाची किंमत होती आणि ती त्या बाईच्या हक्काची होती. आरसीसीच्या घराला ६० वर्षं आयुष्य धरून घसारा काढायचं गणित दीपकला तोंडपाठ होतं. ९०० फुटाचं घर, १,५०० चा बांधकाम दर म्हणजे साडेतेरा लाख, २४ वर्षं वय, शेवटी १० टक्के भंगार, म्हणजे ३६ टक्के घसारा, उरले ८ लाख ६४ हजार, हे तो चालता चालता सांगायचा. पण धाब्याच्या घराला ते गणित लागत नाही, तिथे मान वर करून बघावं लागतं.

२०२३ च्या पावसाळ्यात पाच वर्षं पूर्ण झाली. ह्या वेळी सदस्यत्वाचा अर्ज एका फटक्यात गेला, फक्त ते विद्यापीठाच्या नावाचं स्पष्टीकरण मागितलं. ५० तासांचा कोर्स ऑनलाईन, साईटवरून येऊन अंगावरच्या सिमेंटसह लॅपटॉपसमोर बसायचा.

मग परीक्षा. कॉम्प्युटरवर, दोन तास, १०० मार्क, पास व्हायला ६० टक्के आणि चुकलेल्या प्रश्नाला त्याच्या मार्कांच्या २५ टक्के कापले जातात. पहिल्या वेळी ५४ पडले. पेपर सुरू झाल्यावर त्याने एकही प्रश्न सोडला नाही, जे येत नाही ते अंदाजाने मारलं आणि तिथेच मार गेला. अभ्यासाचंही असं झालं की जे येतं तेच तो परत परत वाचत होता, बांधकाम, मोजमाप, घसारा. अर्थशास्त्र, हिशेब, संख्याशास्त्र, पर्यावरण आणि मुख्य म्हणजे कायदे, मालमत्ता हस्तांतरण, नोंदणी, स्टॅम्प, रेरा, २०१३ चा भूसंपादन कायदा, हे त्याने शेवटच्या आठवड्यावर ठेवलं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही पद्धत बदलली. कायदे त्याने आपल्या जवळच्या गोष्टींना जोडून वाचले. जुना हायवे सहा, आताचा ५३ नंबर, चौपदरी झाला तेव्हा ज्यांची वावरं गेली त्यातले कितीतरी लोकं आमच्या ओळखीचे, त्यांच्या भरपाईच्या निवाड्याचे कागद आणून तो भूसंपादन कायद्याचं कलम २६ शिकला, कोणता दर धरायचा, मागच्या तीन वर्षांतले व्यवहार कसे घ्यायचे, त्यातले वरच्या भावाचे निम्मे का घ्यायचे. भाड्यावरून किंमत काढायची पद्धत मी त्याला आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एका गाळ्यावर शिकवली. महिन्याला २० हजार भाडं, वर्षाचे २ लाख ४० हजार, टॅक्स-देखभाल वगैरे १५ टक्के वजा, राहिले २ लाख ४ हजार, परतावा ६ टक्के धरला तर किंमत ३४ लाख. परतावा ८ टक्के धर म्हटलं, किंमत साडेपंचवीस लाखांवर आली. दोन टक्क्यांनी साडेआठ लाख कसे उडतात हे कागदावर दिसल्यावर तो धडा पक्का बसला. आणि परीक्षेत न येणारे प्रश्न सोडायचे असं ठरवून गेला. ६७ मिळाले.

पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत नोंदणीचा अर्ज करावा लागतो, त्याने महिन्याभरात केला. २०२४ च्या मध्यात सर्टिफिकेट हातात आलं.

नोंदणीनंतरची खरी कसोटी

सर्टिफिकेट आलं म्हणजे काम आलं असं दीपकला वाटत होतं. बँकांच्या पॅनलवर, म्हणजे त्या ज्यांच्याकडून किंमत काढून घेतात त्या यादीत, मात्र लगेच कोणी घेतलं नाही, त्यांचे स्वतःचे निकष असतात, किती वर्षं व्हॅल्युएशन केलं, किती रिपोर्ट दिले, त्यावर किती रकमेपर्यंतचं काम द्यायचं हे ठरतं. मोठ्या शहरांपेक्षा आपल्याकडे जागाही कमी.

एक शेतकरी आला, त्याने वडिलोपार्जित प्लॉट विकला होता आणि त्याला १ एप्रिल २००१ ची किंमत काढून हवी होती, कॅपिटल गेनसाठी. दीपकने पाहणी केली, कागद बघितले, रिपोर्ट अर्धा झाला आणि मग मला फोन केला. मी म्हटलं थांब, हे इन्कम टॅक्सचं काम आहे, ह्याला ३४एबीची नोंदणी लागते, तुझी ती नाही. तिथे दहा वर्षांच्या अनुभवाची अट आहे. शेतजमिनीसाठी तर त्या नोंदणीत वेगळा वर्गच आहे. काम माझ्या नावावर झालं, मेहनतीचे पैसे त्याला दिले. त्या निमित्ताने हेही बघितलं की जमीन-इमारतीसाठी २००१ ची जी किंमत धरायची ती त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही, त्यामुळे जुनं रेडी रेकनर काढणं भागच असतं.

दुसरी कसोटी जड होती. आपल्याकडची पोरं आता शिकायला बाहेरच्या देशात जातात, त्यांच्या व्हिसाच्या फाईलला घरच्या प्रॉपर्टीचं व्हॅल्युएशन लावतात. एक कन्सल्टंट दीपकला महिन्याला पाच-सहा फाईली द्यायला तयार झाला, नव्या माणसासाठी ते मोठं काम. पहिल्याच फाईलीत घर ३८ लाखांचं भरलं. कन्सल्टंट म्हणाला साठ दाखवा, बँकेत थोडीच जाणार आहे हा रिपोर्ट, कोणाचं नुकसान नाही. पोराचे वडील स्वतः येऊन बसले, हात जोडून म्हणाले, "भाऊ, पोराचं भविष्य आहे." दीपक रात्री साडेदहाला माझ्या घरी आला.

आम्ही दोन गोष्टी बघितल्या. ३८ चे ४० करता येतील का, तर तुलनेच्या व्यवहारांच्या मर्यादेत ४० पर्यंत खरंच जाता येत होतं, तेवढा पट्टा प्रत्येक व्हॅल्युएशनमध्ये असतो. साठपर्यंत कोणताच व्यवहार जात नव्हता. मग दुसरं, त्या कुटुंबाला खरंच काय लागतंय. विचारल्यावर कळलं की वावराचं व्हॅल्युएशन त्यांनी लावलंच नव्हतं, आजोबांच्या नावावर राहिलेलं, फेरफार झालेला नव्हता म्हणून कन्सल्टंटने बाजूला ठेवलेलं. दीपकने घराचे ३९ लाख लिहिले आणि वडिलांना तलाठ्याकडे पाठवून वारसनोंद करायला लावली. ती नोंद व्हायला दोन महिने गेले, मग वावराचा वेगळा रिपोर्ट दिला. पोरगा एक टर्म उशिरा गेला. कन्सल्टंटने पुढची एकही फाईल दिली नाही.

निकाल

आज दीपक आयबीबीआय नोंदणीकृत व्हॅल्युअर आहे. एका पतपेढीच्या आणि एका बँकेच्या सगळ्यात लहान रकमेच्या पॅनलवर आहे. नोकरी सोडलेली नाही, फर्मने त्याला अर्धवेळ ठेवलंय. महिन्याला आठ ते दहा रिपोर्ट होतात. कमाई जुन्या पगारापेक्षा थोडी वर गेली, फार नाही. वडील आता कुरबूर करत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं माझंच. २०२० मध्ये "भरून टाक" म्हणण्याआधी मी नियम उघडून वाचायला हवा होता. दहा मिनिटांचं काम होतं. त्यामुळे त्या पोराची फी अडकली, वेळ गेला, आणि त्यापेक्षा त्याचा धीर गेला तो वेगळाच. जे कोणी सिनियर असाल आणि तुमच्याकडे पोरं विचारायला येत असतील त्यांना हात जोडून सांगतो, आपल्या वेळचा नियम त्यांना सांगू नका.

दीपकचा विचार केला तर खरा निर्णय २०११ ला होता. डिप्लोमा झाल्यावर लगेच डिग्रीला गेला असता तर २०१४ ला बीई, २०१९ ला पाच वर्षं पूर्ण. घरची परिस्थिती तशी नव्हती हे मान्य, पण त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं की डिग्रीच्या आधीचा अनुभव हातात राहतो, कागदावर राहत नाही. माझं स्वतःचं मत असं की ती चार वर्षं वाया नाही गेली, त्या धाब्याच्या घरात सेंटरिंगचं लाकूड हाताळलेला माणूसच घनफूट पटकन मोजू शकतो. पण नोंदणीसाठी त्यांचा उपयोग शून्य.

अनुभवाचा पुरावा डिग्रीच्या दुसऱ्या दिवसापासून गोळा करायचा. पगार रोख मिळत असेल तर मालकाला विनंती करून निम्मा तरी बँकेत घ्यायचा. दर वर्षी मार्चला अनुभवपत्र मागून घ्यायचं, पाच वर्षांनी मालक कुठे असेल सांगता येत नाही.

परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नाची घाई टाळता आली असती. कोर्स संपल्यावर तीन आठवड्यांत तो बसला. आपल्या मराठी मीडियममधून आलेल्या सिव्हिलच्या पोरांना इंग्रजीतले कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे शब्द पचायला दीड-दोन महिने लागतात, तेवढे द्यावेत.

व्हिसाच्या फाईलीत काम घेण्याआधी लेखी करार करायला हवा होता. काय काम, कोणत्या तारखेची किंमत, कशासाठी, फी किती, आणि आकडा आधी सांगितला जाणार नाही. नियमांसोबत जी आचारसंहिता आहे त्यात फीचं लेखी ठरवणं आणि काम फत्ते झालं तरच पैसे अशी अट न घेणं हे स्पष्ट आहे. कन्सल्टंटशी सगळं तोंडी झालं होतं, त्यामुळे तो साठ म्हणू शकला. आता दीपक एक पानी करार सही करून घेतल्याशिवाय टेप बाहेर काढत नाही.

त्याच आचारसंहितेत आपली कामाची कागदपत्रं किमान तीन वर्षं जपून ठेवायला सांगितली आहेत. दीपक ती टाकतच नाही. प्रत्येक रिपोर्टच्या मागे हाताने काढलेला नकाशा, फोटो, इंडेक्स टू च्या प्रती, आणि कोणाशी काय बोलणं झालं त्याची चिठ्ठी लावलेली असते. ३४एबीसाठी वर्षं आणि फीची मिळकत दाखवावी लागेल म्हणून बिलांची वेगळी हिरवी फाईल केली आहे त्याने, वर स्केच पेनने तारीख लिहिली आहे, पहिल्या बिलाची. मागच्या रविवारी आला तेव्हा ती फाईल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "आबा, ह्या वेळी पहिल्या दिवसापासून मोजतोय."